नकाशात न दाखवलेल्या कडा : घरातील मापानुसार केलेल्या लाकडी कामाची अकरा वर्षांनंतरची तपासणी

घरासाठी मापानुसार करून घेतलेल्या लाकडी कामाचा टिकाऊपणा हा बहुधा मालाच्या प्रतीशी जोडला जातो. प्लायवूड कोणत्या दर्जाचे, लाकूड कोणत्या जातीचे, बिजागऱ्या कोणत्या बनावटीच्या, एवढे प्रश्न विचारले की विषय संपला असे मानले जाते. पुढे मांडलेले प्रकरण याच समजुतीची परीक्षा घेणारे ठरले. त्यातील आराखडे मी स्वतः काढलेले होते. त्यामुळे ही तपासणी दुसऱ्याच्या कामाची नव्हती, माझ्याच निर्णयांची होती.

एका चौघांच्या कुटुंबासाठी स्वयंपाकघरातील कपाटे, झोपण्याच्या खोलीतील जमिनीपासून छतापर्यंतचे कपडेकपाट, पुस्तकांची मांडणी, बैठकीच्या खोलीतील सागवानी दारांचे बुटके कपाट आणि काही ड्रॉवर असे सर्व काम एकाच वेळी, एकाच कारागिराकडून आणि मुख्यतः एकाच खेपेत आणलेल्या १८ मिमी जाडीच्या प्लायवूडमध्ये करण्यात आले होते. अकरा वर्षांनी त्या कुटुंबाने मला बोलावले ते सर्व काढून नवे करण्याचा आराखडा मागण्यासाठी. सिंकखालचे कपाट कुजले होते, कपडेकपाटाची दारे नीट मिटत नव्हती, पुस्तकांच्या फळ्यांना झोळ आला होता आणि बैठकीतल्या कपाटाच्या एका दाराला उभी चीर गेली होती. या चार तक्रारींवरून ‘माल हलका निघाला’ असा निष्कर्ष त्यांनी काढला होता, आणि घरात रोज तेच पाहणाऱ्या माणसांनी तसा काढणे स्वाभाविक होते.

मला मात्र एक गोष्ट खटकली. माल आणि हात एकच असताना त्याच घरातील कितीतरी भाग पहिल्या दिवसासारखे शाबूत कसे राहिले? नवा आराखडा काढण्याआधी दोन दिवस केवळ मोजमाप आणि तपासणी करण्याची परवानगी मी मागितली आणि ती मिळाली. ओलावा मोजण्याचे सुया असलेले यंत्र, एक लांब सरळपट्टी, बारीक टोचा आणि हातदिवा एवढ्याच साधनांवर ही तपासणी झाली.

सिंकखालचे कपाट

सर्वांत जास्त नुकसान येथे होते, म्हणून सर्वांत जास्त वेळही येथेच गेला. कपाटाचा तळ मधोमध खचला होता आणि सांडपाण्याचा पाइप जिथून खाली जातो त्या भोकाभोवती सुमारे २०० मिमीच्या घेरात टोचा कसलाही विरोध न होता आत जात होता. यंत्रावर त्या घेरात २६ ते २८ टक्के ओलावा दिसला. त्याच कपाटाच्या वरच्या भागात तो ११ टक्के होता. प्लायवूडमधील गोंदामुळे अशा यंत्राचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण एवढा फरक गोंदामुळे पडत नाही. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली ठेवला तर कुजवणाऱ्या बुरशीला थारा मिळत नाही, हा लाकूडकामातील जुना आणि भरवशाचा दंडक आहे. येथे तो बराच काळ मोडला गेला होता.

“जलरोधक प्लाय म्हणून घेतली होती, मग ती खोटी होती का?” हा घरातील ज्येष्ठांचा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा प्रयोगाने द्यावे म्हणून त्याच तळाच्या कोरड्या कोपऱ्यातून सुमारे १०० मिमी चौरस तुकडा कापून तो ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवण्यात आला. बाहेर काढल्यावर एकही थर सुटला नव्हता. म्हणजे प्लायवूड जसे सांगितले होते तसेच होते. मात्र उकळण्याची ही कसोटी थरांना जोडणाऱ्या गोंदाची असते. फिनॉल-फॉर्माल्डिहाइड जातीचा गोंद पाण्याने विरघळत नाही, परंतु त्या गोंदाच्या दोन पातळ पडद्यांमध्ये जे आहे ते शेवटी लाकूडच आहे. ते पाणी पिते, आणि बुरशीविरुद्धची प्रक्रिया पुरेशी झालेली नसेल व ते महिनोन्‌महिने ओले राहिले तर कुजते. कुजलेल्या भागाचा छेद पाहिला तेव्हा नेमके हेच दिसले. गोंदाच्या गडद रेषा जशाच्या तशा होत्या, त्यांच्या मधले लाकूड तपकिरी भुशासारखे झाले होते.

पाणी आत शिरले कसे, हा खरा प्रश्न होता. तळाच्या दोन्ही बाजूंना लॅमिनेट, म्हणजे वरून चिकटवलेले पातळ कडक आवरण, होते आणि ते कुठेही उचललेले नव्हते. समोरच्या कडेला लाकडी पट्टी होती व तिच्यावर पॉलिश शाबूत होते. राहिले ते ६० मिमी व्यासाचे पाइपाचे भोक. त्याची आतली कड पूर्णपणे उघडी होती, तिच्यावर ना रंग ना गोंद. प्लायवूडचे थर आलटून-पालटून एकमेकांना काटकोनात असल्याने गोल भोकाच्या कडेला प्रत्येक थराच्या तंतूंची टोके कुठे ना कुठे उघडी पडतात, आणि लाकूड तंतूंच्या टोकांकडून, म्हणजे तंतूंच्या दिशेने, आडव्या दिशेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने पाणी ओढते. सांडपाण्याच्या जोडातून अधूनमधून पडणारा थेंब पाइपावरून ओघळून थेट त्या कडेला मिळत होता. एवढ्याशा पाण्याने एरवी फारसे बिघडले नसते, कारण उघडे लाकूड जसे भिजते तसे वाळतेही. पण येथे वर आणि खाली दोन्हीकडे लॅमिनेट होते. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला त्याच भोकाच्या कडेखेरीज वाट नव्हती, आणि त्या कडेवर नवा थेंब येतच होता. ज्या आवरणाला आपण संरक्षण समजतो त्यानेच ओलावा कोंडून ठेवला, ही बाब मला या संपूर्ण तपासणीत सर्वांत महत्त्वाची वाटली.

मूळ काम केलेल्या मुख्य कारागिरांशी मी दूरध्वनीवर बोलले. आता ते प्रत्यक्ष काम करत नाहीत, पण हे घर त्यांना आठवत होते. ते म्हणाले, “मॅडम, आमच्या हातून गेलेल्या सगळ्या कडांना आम्ही पाणी रोखणारा सीलर दिला होता. पाइपाचं भोक आम्ही पाडलंच नाही. नळाचं काम करणारे आमच्यानंतर आले, त्यांनी पाडलं. नकाशात ते भोक कुठं होतं?” मी जुना आराखडा काढून पाहिला. त्यात दारांची रंगसंगती होती, मुठींची जागा मिलिमीटरपर्यंत होती, लॅमिनेटच्या रेघांची दिशाही बाणाने दाखवली होती. भोक नव्हते. त्यामुळे ते कोणी पाडायचे, केव्हा पाडायचे आणि त्याची कड कोणी बंद करायची, हे कोणाचेच काम ठरले नव्हते. हा दोष कारागिरांचा नव्हता, नळकामवाल्यांचाही पूर्णपणे नव्हता. तो माझ्या कागदाचा होता.

कपाटाच्या उभ्या बाजूही तळाशी ९० मिमी उंचीपर्यंत फुगल्या होत्या, कारण त्या थेट फरशीवर टेकवल्या होत्या आणि रोज फरशी पुसताना खालची कड ओली होत होती. शेजारच्या कपाटांचे खालचे टोक तपासले असता तिथेही थोडा फुगारा होता, पण कूज नव्हती. तिथे ओलावा येत होता तसा दिवसभरात निघूनही जात होता.

फळ्यांचा झोळ

पुस्तकांच्या मांडणीत कुठलाही बिघाड नव्हता, केवळ चुकलेले गणित होते. फळीची लांबी १०८० मिमी, रुंदी ३०० मिमी आणि जाडी १८ मिमी. सर्वांत भरलेल्या फळीवरची पुस्तके वजन केली तेव्हा ती ३४ किलो भरली. सरळपट्टी लावल्यावर मध्यभागी ११ मिमी झोळ मोजला गेला. मीटरभर लांबीत दीड-दोन मिमीचा झोळही डोळ्यांना जाणवतो, हे लक्षात घेतले तर ही फळी किती अवघडलेली दिसत असेल याची कल्पना येईल. प्लायवूडच्या नेहमीच्या ताठपणावरून हिशेब केला तर त्या वजनाखाली पहिल्याच दिवशी सुमारे ६ मिमी वाक यायला हवा होता. सतत भार राहिल्यास लाकडाची वाक काळानुसार वाढत जाते आणि ती सुरुवातीच्या जवळपास दुप्पट होऊ शकते. अकरा वर्षांत आलेले ११ मिमी त्या अपेक्षेला धरूनच होते.

अशा वेळी ‘जाड फळी घाला’ असा सल्ला सर्रास दिला जातो. १८ ऐवजी २५ मिमी फळी घातली तर ताठपणा सुमारे २.७ पट होतो, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. पण दर मीटरला तेवढेच वजन धरले तर वाक लांबीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, म्हणजे मध्ये एक उभा आधार देऊन लांबी निम्मी केली की वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. दुसरा उपाय समोरच्या कडेला उभी पट्टी लावण्याचा. २० मिमी रुंद आणि ४५ मिमी उंच अशी एकच लाकडी पट्टी उभी धरली तर वाकण्याविरुद्धचा तिच्या छेदाचा आकडा ३०० मिमी रुंदीच्या अख्ख्या १८ मिमी फळीपेक्षा किंचित जास्तच भरतो. हे गणित मला अकरा वर्षांपूर्वीही येत होते. फळ्या ‘सडपातळ’ दिसाव्यात या हट्टापायी मी पट्टी टाळली होती आणि मधला आधार रचनेच्या आड येतो म्हणून काढला होता.

कपडेकपाटाची दारे आणि चिरलेले पॅनेल

कपडेकपाटाच्या आठ दारांपैकी तीन दारांना १२ ते १४ मिमी वाक आला होता आणि उरलेली पाच दारे २ मिमीच्या आत सरळ होती. सर्व दारे २१०० मिमी उंच व ४५० मिमी रुंद. काम चालू असताना लॅमिनेट कमी पडले, तेव्हा आतली बाजू कोणाला दिसणार आहे, असा विचार करून तीन दारांना आतून केवळ रंग देण्यास मी संमती दिली होती. लॅमिनेट म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेले कागद; दमटपणानुसार तेही थोडे प्रसरते आणि आकसते, आणि शिवाय ते आपल्या बाजूने ओलाव्याची ये-जा रोखते. एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला रंगाचा पातळ थर असला की दाराच्या दोन बाजू वेगवेगळ्या गतीने हलतात आणि दार एका बाजूला ओढले जाते. वाकलेली दारे नेमकी तीच तीन निघाली. त्यांच्या बिजागऱ्यांचे स्क्रूही सैल झाले होते. वाकलेले दार दर वेळी जोर लावून मिटवले जात होते आणि तो जोर वर्षानुवर्षे स्क्रूंवर येत होता, हे त्याचे कारण. तीन बिजागऱ्या एवढ्या उंच दाराला मुळातच कमी होत्या. किमान चार द्यायला हव्या होत्या.

बैठकीतल्या सागवानी दाराची गोष्ट वेगळी आणि थोडी हळहळ लावणारी आहे. चौकट आणि पॅनेलची (चौकटीत बसवलेल्या मधल्या फळीची) ही रचना शतकानुशतके टिकली ती एका कारणाने : पॅनेल चौकटीच्या खाचेत मोकळे बसवलेले असते, त्यामुळे ते आडव्या दिशेने हवे तसे फुगू-आकसू शकते. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवे मात्र हलते. सागवान हे तुलनेने स्थिर लाकूड. तरीही वर्तुळांना समांतर कापलेल्या फळीत ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे रुंदीत साधारण ०.२ टक्के फरक पडतो. हे पॅनेल ४०० मिमी रुंद होते. दमट आणि कोरड्या ऋतूंत त्याच्या ओलाव्यात ४ टक्के फरक पडला तरी रुंदी ३ मिमीहून थोडी अधिक कमी-जास्त होणार. कारागिरांनी ते मोकळेच बसवले होते. पण पहिल्या वर्षी दार उघडताना पॅनेल खडखडते अशी तक्रार झाली आणि कोणीतरी खाचेत सगळीकडे गोंद भरून ते घट्ट करून दिले. खडखड थांबली. पुढच्या कोरड्या दिवसांत आकसायला जागा न मिळाल्याने पॅनेल आपल्या सर्वांत कमकुवत रेघेवर फाटले. इतर तीन दारांना कोणी हात लावला नव्हता. ती अजूनही किंचित खडखडतात आणि अखंड आहेत.

जे टिकले

झोपण्याच्या खोलीतील सहा ड्रॉवर पूर्ण भरलेले असूनही त्यांचे कोपरे अजून काटकोनातच होते. आराखड्यात मी केवळ ‘ड्रॉवर’ एवढे लिहिले होते. डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या दातांनी एकमेकांत अडकणारे, सांधे करण्याचा आणि तळाची फळी खिळ्यांनी न ठोकता खाचेत सरकवण्याचा निर्णय कारागिरांचा होता. स्वयंपाकघरातील ड्रॉवर मात्र घाईत फळीला फळी भिडवून, गोंद व खिळ्यांनी केलेले होते आणि त्यांपैकी दोघांची समोरची फळी हातात आली होती. ओढण्याचा जोर डव्हटेलमध्ये लाकडाच्या आकारावर येतो, तर भिडवलेल्या सांध्यात तो तंतूंच्या टोकाला चिकटलेल्या गोंदावर येतो, आणि तंतूंच्या टोकाला गोंद तितका घट्ट धरत नाही.

त्याहून मला चकित केले ते कपडेकपाटाच्या पाठीने. तिच्यामागची भिंत घराच्या बाहेरच्या बाजूची होती आणि तिच्यावर ओल येऊन गेल्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. पाठ भिंतीला टेकवलेली असती तर ती कुजलीच असती. कारागिरांनी मात्र भिंत आणि पाठ यांच्यामध्ये २० मिमीच्या उभ्या पट्ट्या देऊन वर आणि खाली हवेला वाट ठेवली होती. हेही आराखड्यात नव्हते. पाठीवर यंत्राने १२ टक्के ओलावा दाखवला.

निर्णय आणि दुरुस्ती

सर्व काढून नवे करण्याचा बेत सोडून द्यावा, असे मी कुटुंबाला सुचवले. त्यांना पटायला दोन बैठका लागल्या, आणि त्यातही उकळून काढलेला तो न सुटलेला तुकडा टेबलावर ठेवल्यानेच अधिक फरक पडला.

सिंकखालचा तळ पूर्ण काढण्यात आला. आधी गळका जोड बदलला, मग दारे काढून कपाट तीन आठवडे उघडे ठेवले आणि बाजूंच्या फळ्या १४ टक्क्यांवर आल्यावरच पुढचे काम हाती घेतले. सर्व खालच्या कपाटांच्या बाजू फरशीपासून १२० मिमी उंचीवर कापल्या, म्हणजे फुगलेला भाग आपोआप गेला, आणि त्यांच्याखाली उंची जुळवता येणारे १०० मिमीचे पाय व २० मिमीची आडवी फळी दिली. ओट्याची उंची त्यामुळे तीच राहिली. ओट्याचा भार त्या काळात टेकूंवर तोलून धरावा लागला, आणि हेच या दुरुस्तीतले सर्वांत जोखमीचे काम होते. नव्या तळातील भोके पाइप बसवण्याआधी पाडून त्यांच्या कडांना इपॉक्सीचे, म्हणजे पाणी रोखणाऱ्या कडक लेपाचे, दोन हात दिले. तळ मागच्या भिंतीपासून १५ मिमी अलीकडे थांबवला, म्हणजे गळती झालीच तर पाणी साचून न राहता खाली फरशीवर दिसेल.

पुस्तकांच्या फळ्या उलट्या करून, त्यांच्या समोरच्या कडेला ४५ मिमीची पट्टी लावून आणि मध्ये उभा आधार देऊन परत बसवल्या. हा आधार प्रत्येक खणात एकाच रेषेत जमिनीपर्यंत उतरला पाहिजे, नाहीतर वरचा भार खालच्या फळीवर ढकलला जातो. वाकलेली तीन दारे सरळ करण्याचा प्रयत्न केला नाही. एवढा वाक परत येतोच. ती नवीन केली, दोन्ही बाजूंना एकाच जाडीचे लॅमिनेट आणि चार बिजागऱ्या. सांगाड्यातील सैल स्क्रूंची भोके मोठी करून त्यांत १० मिमीच्या कठीण लाकडाच्या खुंट्या गोंदाने बसवल्या आणि स्क्रू त्यांत नव्याने घेतले. स्वयंपाकघरातील ड्रॉवरपैकी सुटलेले दोनच नवे केले.

चिरलेले पॅनेल चौकटीतून सोडवणे जिकिरीचे होते. कुसू आणि खाचेचे (एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले) सांधे गरम हवेने सैल करून, चौकट न मोडता एक बाजू उघडता आली. चीर साफ करून चिकटवली, पॅनेलच्या दोन्ही बाजूंना खाचेत ३ मिमी जागा मोकळी राहील इतके ते कमी केले आणि वर-खाली मधोमध एकेक बारीक खिळी दिली, जेणेकरून ते दोन्हीकडे सारखे हलेल. खडखड होऊ नये म्हणून खाचेत रबराचे छोटे तुकडे ठेवले. नव्याने काढलेल्या आराखड्यात या वेळी प्रत्येक भोक, प्रत्येक कड आणि प्रत्येक पाठ दाखवलेली आहे, आणि भोकाशेजारी ते कोणी पाडायचे हेही लिहिलेले आहे.

चौदा महिन्यांनी मी पुन्हा त्या घरी गेले. सिंकखालच्या भोकाच्या कडेला १२ टक्के ओलावा होता. भरलेल्या फळीवर सरळपट्टी लावली तर फट जेमतेम अर्धा मिमी निघाली. सागवानी पॅनेलवर चौकटीच्या अगदी काठाला लागून मी पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. घरातील धाकट्या मुलीने ती रेघ महिन्याला एकदा पाहून नोंद ठेवली होती : कोरड्या दिवसांत रेघ चौकटीपासून मिलिमीटरभर दूर सरकलेली, दमट दिवसांत पुन्हा चौकटीला टेकलेली.